८,६१,१०० रुपये: नाव माझ्याच हातानं लिहिलं, तरी दिसलं नाही

शेअर ट्रेडिंगच्या बनावट ॲपवर मी फसलो. आकडा आधी सांगतो, म्हणजे "किती गेले हो?" असं कुणी मधेच विचारायला नको. दिले ८,६२,८४०. परत आले १,७४०. गेले ८,६१,१००. शेडमध्ये जुन्या लेथच्या जागी व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घ्यायचं म्हणून सहा वर्षं बाजूला टाकलेले पैसे होते, त्यात शेवटी बायकोच्या पाटल्याही गेल्या.

मी बेळगावच्या उद्यमबागेत जॉबवर्क करतो. पंपांची कास्टिंग येतात, मशिनिंग होऊन जातात. राहायला अनगोळला. मी मोबाईलला बिचकणारा माणूस नाही, सीएनसी मशीनचे प्रोग्राम स्वतः लिहितो. बँकेच्या नावानं कुणाला फोन आला की गल्लीतली माणसं मला विचारायला येतात. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची 'अटक', असं कायद्यात काही नसतं हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं, त्याच्या आधीपासून मी सासूबाईंना सांगत होतो. ओटीपी मागणारे, केवायसी संपली म्हणणारे, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं म्हणणारे, सगळे मला ठाऊक होते. मला कुणी भीती दाखवली असती तर मी फोन ठेवला असता. मला कुणी भीती दाखवलीच नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये एक जाहिरात दिसू लागली. कुठल्या ॲपवर ते लिहीत नाही. नारायण मूर्ती बोलत होते. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, बोलण्याची ढबही तीच. सामान्य माणसाला शेअरबाजारात आता कॉम्प्युटर मदत करणार, असं काहीतरी. आपल्या कर्नाटकातला माणूस, इन्फोसिस उभी केलेला. हा माणूस खोटं बोलणार नाही असं मला वाटलं. तो बोललाच नव्हता. आपल्या नावानं फिरणारे असले ट्रेडिंगचे व्हिडिओ बनावट आहेत हे त्यांनी डिसेंबर २०२३ मध्येच जाहीर केलं होतं. मी पाहिला तेव्हा त्याला दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि जाहिरात पैसे भरून बिनधास्त चालू होती.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ग्रुप, त्यात १४० जण, रोज संध्याकाळी नफ्याचे फोटो, एक 'सर' आणि त्यांची गोड बोलणारी असिस्टंट. मग लिंकवरून घेतलेलं ॲप. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, २६ ऑगस्टला, मी १०,००० भरले. तीन दिवसांत १,७४० नफा दिसला. काढून बघितला, तर खात्यात खरोखर जमा झाला. त्या १,७४० रुपयांनी मला विकत घेतलं. ९ सप्टेंबरला ५०,००० दिले, १८ सप्टेंबरला १,२५,०००.

आता ३ ऑक्टोबर. हा दिवस मला झोपू देत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली होती, दुसऱ्या दिवशी दसरा. मुलं सुट्टीवर, शेड बंद. असिस्टंटनं सांगितलं की एका मोठ्या आयपीओत (कंपनीची पहिली शेअरविक्री) परदेशी गुंतवणूकदारांच्या कोट्यातून शेअर मिळतायत, शुक्रवारी दुपारपर्यंत ४,६०,००० भरा. मी सोसायटीतली ठेव मोडली होती. आमचं जुनं खातं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातल्या एका शाखेत आहे, वडिलांच्या वेळेपासून. तिथं जाऊन आरटीजीएसचा, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पाठवायचा, फॉर्म भरला. ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव मी स्वतःच्या पेननं दोन ठिकाणी लिहिलं. ते नाव टाईल्स आणि सॅनिटरी विकणाऱ्या एका दुकानाचं होतं.

शेअर घ्यायला मी फरशीच्या दुकानाला पैसे पाठवत होतो. माझ्याकडे जॉबमधलं एखादं भोक (बोअर) वीस मायक्रॉननं मोठं आलं तर मी तो जॉब बाजूला काढतो, गिऱ्हाइकानं कितीही घाई केली तरी. आणि इथं समोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं मला खटकलं नाही. खटकलं नाही असंही म्हणता येणार नाही. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघून विचारलं, "हे टाईल्सवाले कोण? घर बांधताय काय?" मी "हो" म्हणालो. शेअरचं सांगितलं तर बँकवाले उगाच अडवतात, घरकामाचं सांगा, असं असिस्टंटनं आदल्या रात्रीच पढवून ठेवलं होतं. जो माणूस तुम्हाला बँकेत काय बोलायचं ते शिकवतो, तो चोर आहे. त्याच्याबद्दल याहून जास्त काही तपासायची गरज नाही.

शिवाय मला आयपीओ नवीन नव्हता. मे २०२२ मध्ये एलआयसीच्या आयपीओला मी अर्ज केला होता. तेव्हा पैसे माझ्याच खात्यात अडकून राहिले, शेअर मिळाल्यावरच कापले गेले. आयपीओचे पैसे असेच असतात, वाटप होईपर्यंत आपल्या खात्याबाहेर जात नाहीत. हे मला माहीत होतं! आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या कोट्यातून तुम्हाला शेअर देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं होतं. १ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे माझ्या आरटीजीएसच्या दोनच दिवस आधी, सेबीनं 'सेबी चेक' सुरू केलं. ब्रोकरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की तो खरोखर नोंदणीकृत संस्थेचा आहे का ते तिथं कळतं. यूपीआयसाठी नोंदणीकृत ब्रोकरांना 'व्हॅलिड' शब्द असलेले वेगळे आयडी दिलेत, पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. दोन मिनिटांचं काम. मला ते २० ऑक्टोबरला कळलं, दिवाळीत.

आणखी एक. शेअर खरे असतील तर तुमच्या डीमॅट (शेअर ठेवायच्या) खात्यात येतात, आणि ती खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून मेसेज येतो. तो आला नाही तर ॲपवर कितीही आकडे नाचू देत, तुम्ही काही घेतलेलं नाही.

९ ऑक्टोबरला ॲपवर माझ्या नावानं १७,३४,२०० दिसत होते. काढायला गेलो तर उत्तर आलं, नफा १०,८९,२००, त्यावर २० टक्के टॅक्स आधी भरा, २,१७,८४०. अल्पकालीन नफ्यावर २० टक्के दर जुलै २०२४ च्या बजेटपासून खरोखर आहे, म्हणून मला ते पटलं. पण हा कर आपण सरकारला भरतो, ब्रोकरला नाही, आणि पैसे अडकवून ठेवून तर कुणीच मागत नाही. बायको म्हणाली, "अहो, टॅक्स त्याच पैशातून कापून का घेत नाहीत?" बारावी शिकलेल्या बायकोनं एका वाक्यात जे विचारलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी चिडलो. तिच्या पाटल्या ठेवून २,००,००० उचलले, १७,८४० पिग्मीतून काढले, आणि १३ तारखेला पाठवले. १५ तारखेला त्यांनी आणखी १,५०,००० 'सुरक्षा ठेव' मागितली. तेव्हा डोळे उघडले. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही तर आम्हाला शिकवायचा." त्याला दुखवायचं नव्हतं, पण ते वाक्य अजून कानात आहे.

आणि इथं दुसरी चूक केली. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावायच्या आधी मी शाखेत धावलो. तुम्ही असं करू नका. पैसे गेल्याचं कळल्याच्या क्षणी १९३०, बस, घरातल्यांना सांगायच्याही आधी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात जायला वेळ लागत नाही. माझा सकाळचा सगळा वेळ शाखेच्या बाकावर गेला. व्यवस्थापक म्हणाले, "तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार?" रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी दाखवलं. ते तुमच्या परवानगीविना गेलेल्या पैशांसाठी आहे, असं त्यांनी सांगितलं. ते खरं आहे, मी नंतर नीट वाचलं. पण कायम फरशी, सिमेंट, सळ्या यांची उलाढाल दाखवणाऱ्या कुठल्यातरी दुकानाच्या खात्यात सगळीकडून अनोळखी माणसांचे लाखो रुपये येतात आणि तासाभरात बाहेर पडतात, हे त्या दुकानाच्या बँकेला दिसत नाही काय? माझ्या खात्यात किमान शिल्लक कमी झाली की दुसऱ्या दिवशी मेसेज येतो. तेवढं बरं दिसतं.

पोलिसांचं सांगायला नको, पण सांगतोच. इकडच्या एका ठाण्यात गेलो. "खातं महाराष्ट्रातलं, पैसे तिथून गेले, तिकडे जा." चाळीस किलोमीटर तिकडे गेलो. "तुम्ही राहता कर्नाटकात, मोबाईल तिकडचा, तक्रार तिकडेच." परत आलो. साहेब बंदोबस्ताला गेलेले. काउंटरवरचा म्हणाला, "नाळे बर्री." उद्या या. गेलो. पुन्हा नाळे बर्री. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावी लागते. ते पान छापून नेलं. त्यांनी ते हातातही घेतलं नाही.

मराठीत लिहिलेला अर्ज परत केला. कन्नडमध्ये आणा. घटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे. बेळगावात मराठी वापरात नाही असं कोण म्हणेल? मी कन्नड बोलतो, आमच्या शेडमधली निम्मी मुलं कन्नड आहेत, कुणाच्या भाषेशी माझं भांडण नाही. शेवटी त्या मुलांतल्याच एकानं रात्री बसून माझा अर्ज कन्नडमध्ये लिहून दिला. पण लुटलेल्या माणसाला आठवडाभर भाषेवरून आणि हद्दीवरून फिरवायचं? सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो लागेल तेव्हा लागेल. माझे पैसे ती सीमा सेकंदात ओलांडून गेले आणि मी एसटीनं तीन वेळा ओलांडली. एफआयआर नवव्या दिवशी झाली. तोवर एका खात्यात ३८,६१५ रुपये रोखलेले सापडले. बाकी काही नाही.

नोव्हेंबरमध्ये दोन बातम्या वाचल्या. एक आपल्या गावची. बेळगावात बसून अमेरिकेतल्या लोकांना फसवणारं कॉल सेंटर पोलिसांनी पकडलं, ३३ जणांना अटक. म्हणजे पकडता येतं, मनावर घेतलं तर. दुसरी बातमी रॉयटर्सची, ६ नोव्हेंबरची. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या आतल्या कागदपत्रांत २०२४ च्या उत्पन्नातला सुमारे १० टक्के भाग, म्हणजे १६ अब्ज डॉलर, फसव्या आणि बंदी असलेल्या मालाच्या जाहिरातींतून येईल असा अंदाज होता. आपल्या पैशात जवळपास १ लाख ४० हजार कोटी. जाहिरातदार ठग असल्याची ९५ टक्के खात्री झाली तरच त्याला हाकलायचं, नाहीतर संशयिताकडून जाहिरातीचा दर जास्त घ्यायचा. आणि अशा जाहिरातीवर एकदा बोट पडलं की तशाच आणखी दाखवल्या जातात. कंपनीचं म्हणणं, हा अंदाज ढोबळ आणि फुगवलेला होता, आणि कागदांतून एकांगी चित्र उभं राहतं. असेलही. पण ठगाकडून जादा दर घेणं म्हणजे मला तरी वाटा घेणंच वाटतं. भाजीमार्केटात चोराला गाळा भाड्यानं देऊन, वर त्याच्यावर संशय आहे म्हणून भाडं वाढवलं, तर लोक त्या गाळेमालकाला सोडतील?

आणि आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ या कंपन्यांना आडोसा देतं. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराची जबाबदारी, काही अटी पाळल्या तर, त्यांच्यावर नाही. मजकुराचं समजू शकतो. पण जाहिरातीचे तर पैसे मोजून घेतलेत ना? पैसे घेताना ओळख तपासता येत नाही काय?

मला "लोभ नडला" म्हणणारे भेटतात. लोभ होता, नाही म्हणत नाही. पण पगारी नोकर नसलेल्या माणसाला, ज्याला पेन्शन नाही आणि ज्याचं मशीन वीस वर्षांचं झालंय, त्याला चार पैसे वाढावेत असं वाटलं तर त्याला लुटायची परवानगी मिळते असं नाही. तक्रार करायला लाजू नका. माझे दोन दिवस लाजेत गेले असते तर हे ३८,६१५ही राहिले नसते.

स्क्रीनशॉट जपून ठेवा, ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नका, आधी सगळं उतरवून घ्या. मी रागात ग्रुप सोडला आणि अर्धे पुरावे गेले. पैसे परत मिळवून देतो म्हणून जे फोन येतील तेही त्याच टोळीचे समजा. मला आतापर्यंत चार आले.

रोखलेले पैसे सोडवायला कोर्टात अर्ज करतोय. वकिलांनी १२,००० सांगितले आहेत, मंगळवारी कागद देतोय. माझी आरटीजीएस ज्या खात्यात गेली त्याच टाईल्सवाल्या खात्यात इकडच्या आणखी दोघांचे पैसे गेल्याचं ठाण्यात ओझरतं ऐकलं. शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठलेही असा, ३ ऑक्टोबरच्या मागेपुढे फरशीच्या दुकानाच्या नावावर पैसे पाठवले असतील तर तक्रार क्रमांक घेऊन या. मी रविवारीही शेडवर असतो. अर्ज एकत्र देऊ.