वाचनाचा तास: शाळेत जाऊन की व्हिडिओ कॉलवर?
दुसरी-तिसरीच्या मुलांचं वाचन घ्यायला कंपनीतले कर्मचारी स्वयंसेवक म्हणून तयार झाले, की पहिला प्रश्न हाच येतो. माझा कौल शाळेत जाण्याला. मूल 'पुस्तक' वाचताना 'स्त'पाशी अडखळतं, बोट तिथेच थबकतं. शेजारी बसलेल्याला ते बोट दिसतं. छापलेलं असतं 'माऊ' आणि मूल चित्र बघून 'मांजर' म्हणून मोकळं होतं, तेही लगेच लक्षात येतं. कॉलवर बहुतेक वेळा फक्त चेहरा दिसतो, आणि नेटवर्क गेलं की वाक्य अर्ध्यावर तुटतं.

पण पुण्यातल्या माणसाला नंदुरबारच्या आश्रमशाळेत दर आठवड्याला जाणं कसं जमणार? तिथे कॉलच बरा. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात, त्या दोघांनाही वाचता येतात.

मूल नेमकं कुठे आहे ते 'असर' या शिक्षण सर्वेक्षणातल्या वाचनाच्या पायऱ्यांनी दोन्हीकडे तपासता येतं: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. कॉल निवडलात तर शिक्षकांना एवढी विनंती जरूर करा: छापील पुस्तक मुलाच्या हातात द्या आणि कॅमेरा पानावर ठेवा. शिवाय दर वेळी माणूस तोच हवा. नव्या चेहऱ्यासमोर लहान मुलं तोंडच उघडत नाहीत.