जुनी जिप्सी की जुनी डिझेल जीप? इंदूरमध्ये फोर बाय फोर घेणाऱ्यांसाठी

जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर देणारी गाडी, घ्यायचं ठरलं की आपल्याकडे प्रश्न बहुतेक दोन गाड्यांवर येऊन थांबतो: मारुतीची जिप्सी, नाहीतर महिंद्रची डिझेल जीप, म्हणजे एमएम ५४० किंवा पहिल्या पिढीतली थार डीआय. पीथमपूरला बनणारी फोर्सची गुरखा आवडणारेही आहेत, पण जुनी आणि धड अवस्थेतली गुरखा समोर आली तरच तिचा विचार करावा. माझं मत आधीच सांगते. चोरल, जानापाव, तिंछा अशी सुट्टीची भटकंती करायची असेल तर जिप्सी किंग घ्या. शेत असेल, पोती वाहायची असतील, ट्रॉली ओढायची असेल तर महिंद्र घ्या. पण दोन्हीकडे गाडीच्या नावाआधी पुढचा अ‍ॅक्सल आणि चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पाहा. इंजिन कुठलाही चांगला मिस्त्री उघडून पुन्हा बांधून देतो, सडलेली चासी मात्र पैसे ओतूनही पहिल्यासारखी होत नाही.

माळव्याची काळी माती भिजली की टायरच्या खाचा काही फुटांतच भरून जातात आणि टायर गुळगुळीत होतो. इथे जिप्सीचं हलकं वजन, जेमतेम एक टन, फार उपयोगी पडतं. महिंद्र जड आहे, एकदा बसली की खोल बसते. उलट, डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देतं, त्यामुळे दगडधोंड्यांच्या चढावर ती लो गिअरमध्ये सावकाश चढते. जिप्सीला तिथे रेस द्यावी लागते आणि क्लच जळतो.

जिप्सीतही कोणती, याचा नीट विचार करा. १९८५ ची पहिली ९७० सीसीची. १९९६ मध्ये १२९८ सीसीची किंग आली आणि २००० च्या सुमारास तिला मल्टी पॉइंट इंजेक्शन मिळालं. मेच्या उन्हात सिमरोलचा घाट चढताना कार्बोरेटरची जिप्सी आचके देऊन बंद पडली आणि थंड झाल्यावर मुकाट्याने सुरू झाली, तर बहुधा पेट्रोलची वाफ लाइनमध्ये अडकलेली असते. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली येत असल्याने हा त्रास जवळजवळ राहत नाही. म्हणून मी इंजेक्शनवालीच सुचवते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुने रबरी पाइप आणि सील त्यात फुगतात, चिरतात. गाडी घेतल्या घेतल्या ते सगळे इथेनॉल सोसणारे बसवा. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर तोही लगेच बदला.

डिझेलचे त्रास वेगळे, आणि बरेचसे स्वस्त. महिंद्रच्या जुन्या प्यूजो इंजिनाला हिवाळ्यात हीटर प्लग लागतात. सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहिला तर आधी तेच तपासा. महिंद्रचं एमडीआय इंजिन थेट फवारणीचं, प्लगवाचून सुरू होतं, पण खडखडाट आणि थरथर जास्त. चालता चालता गाडी दम सोडू लागली तर लाइनमध्ये हवा शिरली असेल: फिल्टरजवळच्या हातपंपाने ती काढा आणि कुठला वॉशर झिरपतो ते शोधा. विकत घेताना इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण उघडा. तिथून धुराचे झोत येत असतील तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर बहुधा नोझलचा किंवा एअर फिल्टरचा दोष. त्यावरून सौदा मोडू नका, भाव कमी करा.

सगळ्यात जास्त वेळ पुढच्या चाकांपाशी घालवा. दोन्ही गाड्यांत फोर बाय फोर हवा तेव्हाच जोडायचा असतो, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, नसतं. म्हणून तो डांबरी रस्त्यावर नाही, मातीच्या मैदानात जोडून पाहा. पुढच्या चाकांच्या मधले हब हाताने फिरवायचे असतील तर आधी लॉक करा, नाहीतर पुढच्या चाकांना जोर मिळणारच नाही. लो गिअरमध्ये घट्ट वळण घ्या. पुढून टकटक आली तर सांधे झिजलेत. चढावर गिअर स्वतःहून सुटला तर ट्रान्सफरचं, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचं, काम निघालं. जिप्सीत ट्रान्सफर वेगळा, रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. ते रबर फाटलं तरी खूप आवाज येतो आणि लोक उगाच गिअरबॉक्स उघडायला लावतात. जिप्सीच्या चाकामागच्या गोल भागात ग्रीस पातळ होऊन ओघळत असेल तर आतलं सील गेलंय, अ‍ॅक्सलचं ऑइल तिथे येतंय. हे काम ताबडतोब करून घ्यायचं. विशिष्ट वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंग पिनची बेअरिंग पाहा, दोन्ही गाड्यांत. आणि चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफरवर ताण येतो.

ओढ्यातून गाडी काढलीत की डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं बदला. जुन्या महिंद्र जीपांना बहुतेक चारही ड्रम असतात, पाण्यातून निघाल्यावर थोडं ब्रेक दाबत चालवून ते वाळवा. किंगला पुढे डिस्क आहेत, हा तिचा खरा फायदा.

पत्रा जिप्सीचा लवकर सडतो: पायाखालचा भाग, काचेची चौकट, मागच्या चाकांच्या कमानी. चुंबक फिरवा, चिकटला नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. महिंद्रचा पत्रा जाड, पण जोडाजोडीची गाडी असण्याचा धोका तिथे जास्त. फोर बाय टू, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या, जीपला नंतर पुढचा अ‍ॅक्सल बसवलेला असतो आणि आरसीवर त्याचा पत्ता नसतो. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे, तेव्हा अशी गाडी सोडून द्या. महूसारख्या छावण्यांच्या लिलावातली जिप्सी असेल तर लिलावाचे कागद आणि नोंदणी दोन्ही मागा, चासी नंबर स्वतः वाचून ताडून पाहा. १५ वर्षांनंतर फिटनेस करून नोंदणी ५ वर्षांनी वाढते. कारसाठी या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली आणि २० वर्षांवरच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी वाढली. नोंदणीची मुदत सहा महिन्यांत संपत असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याकडूनच करून घ्या, मगच पूर्ण पैसे द्या.