व्यक्तिचित्र: फोटोवरून की समोर बसवून?

ज्याचं चित्र करायचं ते लहान मूल असेल, किंवा माणूस हयात नसेल, तर फोटोला पर्याय नाही. प्रश्न उरतो तो समोर बसू शकणाऱ्यांचा.

समोर बसवण्यात वेळ फार जातो, आणि तो दोघांचाही. वीसेक मिनिटांनी मॉडेलला विश्रांती लागते. पुन्हा बसल्यावर मान जरा वेगळी वळते, खिडकीतला उजेड सरकलेला असतो. ब्रिटिश चित्रकार ल्युशियन फ्रॉइड यांनी चित्र काढावं म्हणून त्यांच्यासमोर डेव्हिड हॉकनी, तेही चित्रकारच, १०० तासांहून अधिक बसले होते. एवढी सवड कोणाला असते?

फोटो हलत नाही, थकत नाही. विसाव्या शतकातले चित्रकार फ्रान्सिस बेकन तर मित्रांची चित्रंही त्यांना समोर न बसवता फोटोंवरून करणं पसंत करत. शिवाय फोटोवर चौकोनांची जाळी (ग्रीड) टाकून प्रमाणं तपासता येतात.

पण ती प्रमाणं खरी असतीलच असं नाही. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक फुगतं, कान मागे जातात. हा परिणाम अंतराचा आहे. दीड-दोन मीटर मागे सरकून झूम केलं की चेहरा ताळ्यावर येतो. सावल्यांचं दुखणं याहून अवघड. हनुवटीखालच्या सावलीत डोळ्याला गळ्याचा तांबूसपणा दिसतो, कपड्यावरून परतलेला रंग दिसतो. कॅमेरा उजळ कपाळ सांभाळायला गेला की तिथे नुसता काळपटपणा उरतो. फोटोवरून केलेली कितीतरी चित्रं निर्जीव वाटतात ती मुख्यतः या सावल्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. चेहरा हुबेहूब असतो, पण त्वचेखाली रक्त वाहतंय असं वाटत नाही. फ्लॅशचा फोटो तर टाळाच. समोरून आदळणारा उजेड गालाची गोलाईच पुसून टाकतो.

शिकत असाल तर समोर बसवा; कोणी मिळालं नाही तर आरशात स्वतःलाच. साम्य कमी जमेल, पण सावलीतला रंग शोधायची सवय लागेल आणि पुढे फोटोवरून काम करताना तीच कामी येईल. ठरल्या तारखेला चित्र द्यायचं असेल तर फोटो घ्या, मात्र स्वतः काढा: खिडकीचा एका बाजूचा उजेड, तीन-चार कोन, आणि सावल्यांतले रंग आणि तपशील दिसतील असा एक जास्त उजळ फोटो. त्याच दिवशी अर्धा तास समोर बसवून गाल, कपाळ, सावली यांच्या रंगांचं छोटं टिपण करून ठेवा. दुसऱ्याने काढलेला एकुलता एक अंधुक फोटो हाती आला, तर आधी आणखी फोटो मागा. नसतीलच, तर तैलचित्राऐवजी कोळशातलं चित्र सुचवा.