तीन पट्ट्यांचा हार्नेस: बिचकणाऱ्या कुत्र्यासाठी घ्यावा का?

घाबरलेलं कुत्रं पुढे पळण्याआधी बऱ्याचदा मागे सरकतं. लीश ताणली गेली की मान खाली घालतं, पुढचे पाय आखडतं, आणि गळ्यातला पट्टा कानांवरून निघून आपल्या हातात राहतो. हार्नेस म्हणजे मान आणि छातीभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज. साध्या दोन पट्ट्यांच्या हार्नेसचंही तेच होतं. दुकानात मांडलेले बहुतेक हार्नेस जोरात पुढे ओढणाऱ्या कुत्र्यासाठी केलेले असतात. मागे सरकणाऱ्याचा विचार त्यात फारसा नसतो.

आमच्या चिंगीला दत्तक घेतलं तेव्हा शेल्टरमधल्या ताईंनी बजावलं होतं, "काका, हिला तीन पट्ट्यांचाच हार्नेस घ्या. ही बिचकली की उलटी चालते." मुलाने तसा मागवला. सकाळी तो माझ्या हातात असतो, संध्याकाळी सुनेच्या, आणि सुट्टीच्या दिवशी नातीच्या. तेव्हा गळपट्ट्याला अडकवलेली दुसरी लीश मी धरतो. नोकरीभर कारखान्यात मालाची तपासणी केली असल्यामुळे कोणतीही वस्तू आली की मी आधी ती उलटी करून शिलाई बघतो. घरच्यांना याचा वैताग आहे, पण या वेळी कोणी काही बोललं नाही.

यातला पहिला पट्टा मानेभोवती, दुसरा पुढच्या पायांच्या मागे छातीभोवती आणि तिसरा शेवटच्या बरगडीच्या मागे, कंबरेला. खरं काम या तिसऱ्याचं. कुत्र्याची छाती रुंद आणि कंबर बारीक असते. हार्नेस डोक्याकडून निघायचा तर कंबरेचा अरुंद फेर आधी छातीवरून जायला हवा, आणि तो तिथे अडतो. म्हणूनच खोल छातीच्या, सडपातळ कुत्र्याला हा प्रकार उत्तम बसतो. अंगाने सरळसोट पिंपासारखं असलेल्या कुत्र्याला मात्र तिसऱ्या पट्ट्याचा फायदा फार नाही, कारण अडायला कंबरच नसते. नर कुत्रा असेल तर हा पट्टा फार मागे जाऊ देऊ नका. नाजूक जागी घासतो.

आता तपासणी. लीश जिथे अडकते ती कडी धातूची आणि सांधा जोडून बंद केलेली आहे, नुसती वळवून सोडलेली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनात फुली मारलेली शिलाई आहे. ताण सगळीकडे वाटला जातो, टाका एका जागी उसवत नाही. इथपर्यंत पैकीच्या पैकी. पुढचा भाग इंग्रजी वायसारखा आहे, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस मी टाळेन, पाऊल टाकताना खांदा अडतो.

नापसंती आहे ती कंबरेच्या सरकपट्टीवर. लांबी कमीजास्त करायची ही पट्टी प्लॅस्टिकची आणि गुळगुळीत आहे. चालता चालता पट्टा तीतून हळूहळू सुटत जातो आणि कंबरेचा फेर सैल होतो. ज्या पट्ट्यासाठी एवढा खटाटोप, तोच सैल होणं हा छोटा दोष नव्हे. कारखान्यात आवळलेल्या नटावर रंगाची रेघ मारायचो, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. इथेही तेच केलं. माप बरोबर बसलं तेव्हा पट्टा आणि सरकपट्टी दोन्हींवर मिळून पक्क्या शाईची एक रेघ ओढली. बाहेर पडण्याआधी नात रेघ जुळते का बघते, आणि जुळली नाही तर मोठ्या तोऱ्यात मला "माल नापास" म्हणून सांगते.

माप घेताना मानेचा फेर गळपट्टा बसतो तिथे नव्हे, तर मान खांद्यांना मिळते तिथे घ्यायचा. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट शिरली पाहिजेत. मूठ शिरत असेल तर तो सैल आहे. शेल्टरमधून आलेलं हडकुळं कुत्रं घरी अंग धरतं, तेव्हा माप पुन्हा घ्यावं लागतं. काखेत केस गेलेले किंवा कातडी लाल दिसली तर छातीचा पट्टा पायाच्या फार जवळ आहे असं समजा. घरात हार्नेस काढून ठेवायचा. दिवसभर अंगावर राहिला तर घासतो, आणि दाताला लागला तर कुरतडलाही जातो.

खरेदी करताना मानेला बक्कल आहे का हे आवर्जून बघा. डोक्यावरून घालायचे हार्नेस बऱ्याच भित्र्या कुत्र्यांना चालत नाहीत. आमच्या हार्नेसला बक्कल आहे, पण ते लागताना असा काही खट्ट आवाज करतं की चिंगी पहिल्यांदा पलंगाखाली गेली. सौ.ने तोडगा काढला: बक्कल मुठीत घेऊन दाबायचं, आवाज तळहातात जिरतो. आधी काही दिवस तो नुसता जमिनीवर ठेवून त्यावर खाऊ दिला, मग फटीतून खाऊ, मग अंगावर टेकवणं, आणि सगळ्यात शेवटी बक्कल. मुलाला ही सगळी थेरं वाटत होती. आता हार्नेस खुंटीवरून निघाला की तीच समोर येऊन उभी राहते.

पाठीवर एक मूठ आहे. गाडीत चढताना आधार द्यायला बरी, पण तिला धरून कुत्रं उचलू नका. नायलॉन भिजलं की वाळायला वेळ घेतं आणि वास येतो.

पक्का हार्नेस म्हणजे पूर्ण बंदोबस्त नव्हे. नवीन आलेल्या कुत्र्याला हे आपलं घर आहे हे अजून ठाऊक नसतं, त्यामुळे निसटलं तर ते परत यायच्या ऐवजी लांब जातं. पाठलाग केला तर आणखी लांब. म्हणून गळ्यात फोन नंबरचा बिल्ला आणि कातडीखाली मायक्रोचिप, दोन्ही हवं. चिपमध्ये बॅटरी नसते आणि ती कुत्रं कुठे आहे हे सांगत नाही. वाचक यंत्र फिरवलं की फक्त १५ आकडी क्रमांक दिसतो. त्या क्रमांकापुढे आपला चालू फोन नंबर नोंदवलेला नसेल तर तिचा उपयोग शून्य.

हार्नेस आवडला म्हणून तसेच काही शेल्टरलाही द्यायचं ठरलं. आधी विचारलं ते बरं झालं. लहान मापाचे त्यांच्याकडे पडून होते, मध्यम आणि मोठे हवे होते, आणि सगळे पट्टे कमीजास्त होणारे. तिथे फिरवायला गळ्याभोवती आवळणारी दोरीची लीश वापरतात. ती झटकन घालता येते, पण बिचकून मागे ओढणाऱ्या कुत्र्याचा गळा आवळला जातो, म्हणून अशा कुत्र्यांसाठी हार्नेस वेगळे ठेवलेत. जुने, वापरलेले देणार असाल तर ते कोणत्या कुत्र्याच्या अंगावर होते हे खरं सांगा. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा, पसरणारा आजार. त्याचा विषाणू वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्याला ब्लीचसारखं कडक जंतुनाशक लागतं, आणि ब्लीचने नायलॉन कमजोर होतं. पार्व्हो झालेल्या पिल्लाचा पट्टा दान करू नका, टाकून द्या.

पाचपैकी चार. सरकपट्टी धातूची केली तर पाचवाही देईन, रेघ मात्र तरीही मारेन.