पोट, दंड, मांड्या की हनुवटी: चरबी काढायची तर नेमकी कुठली?

लायपोसक्शनची, म्हणजे कातडीखालची चरबी नळीने ओढून काढण्याची, चौकशी करायला गेलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: किती किलो उतरेल? वजनासाठी ही शस्त्रक्रिया नाहीच. एका बैठकीत 5 लिटरच्या वर द्रव ओढला तर तो ‘मोठा’ उपसा समजतात आणि रात्रभर रुग्णालयात ठेवून घेतात. शिवाय त्या लिटरांत आधी टोचलेलं सलाइनही असतं. इथे फक्त घाट बदलतो. तो किती सुबक होईल हे चरबीपेक्षा तिच्यावरच्या त्वचेवर ठरतं. नळी चरबी ओढते, रिकामी झालेली त्वचा आक्रसायचं काम त्वचेलाच करावं लागतं. म्हणूनच एकच शस्त्रक्रिया हनुवटीखाली झकास जमते आणि दंडाला फसते.

सगळ्यात जास्त गोंधळ पोटाचा. उताणं झोपून पोटाची वळी चिमटीत धरून पाहा. जाड, मऊ वळी हातात आली तर ती चरबी कातडीखालची, नळीच्या आवाक्यातली. पण पोट नगाऱ्यासारखं ताठ आणि चिमटीत जेमतेम कातडी येत असेल, तर चरबी स्नायूंच्या मागे, आतड्यांभोवती आहे. तिथे नळी घालतच नाहीत. आपल्याकडच्या कित्येक पुरुषांची ढेरी ही अशीच असते. त्यांनी पैसे खिशात ठेवावेत आणि आहार, व्यायाम, साखरेच्या तपासण्या याकडे वळावं. मधुमेह सुधारेल या आशेनेही लायपोसक्शन करू नये. 2004 मध्ये अमेरिकेत 15 स्थूल स्त्रियांच्या पोटाची सुमारे 10 किलो चरबी काढून पाहिली, तरी इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, काहीच सुधारलं नाही.

बाळंतपणानंतरच्या पोटाचं गणित आणखी वेगळं. मधले दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात आणि बेंबीखाली कातडी लोंबते. अशा पोटावर नुसतं लायपोसक्शन केलं तर लोंबणं वाढतं. इथे टमी टकच. म्हणजे कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद, जास्तीची कातडी कापून टाकणं, स्नायू शिवून जवळ आणणं, बेंबी नव्या जागी बसवणं. सिझरचा जुना व्रण बहुधा त्या कापलेल्या कातडीतच जातो, हा वरचा फायदा. किंमत मात्र मोठी: सुरुवातीचे दिवस कमरेत वाकून चालायचं, बाजूला रक्तमिश्रित पाणी काढणाऱ्या नळ्या, सहा आठवडे जड उचलणं बंद, म्हणजे लहानग्याला कडेवर घेणंही बंद. घरात मदतीला कोणी नसेल तर ही शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. आणखी मूल हवं असेल तर नक्कीच.

याच्या अगदी उलट टोकाला हनुवटी. हनुवटीखाली काही मिलिमीटरचा छेद, बहुतेकदा जागेवरची भूल, आठवडाभरात माणसांत जाता येतं. तरुणपणी तिथली त्वचा छान आक्रसते. काहींचं हसणं थोडे आठवडे वाकडं होतं, कारण जबड्याच्या कडेची नस दुखावते. बहुधा ते आपोआप भरून येतं. फक्त आधी बाजूने फोटो काढून पाहा. मूळची हनुवटीच मागे असेल तर दोष हाडाचा आहे, चरबीचा नाही. कंबरेच्या बाजूच्या वळ्यांचंही असंच: जाड त्वचा, चांगला निकाल, फारसा घोळ नाही. माझं मत विचाराल तर खर्च, त्रास आणि दिसणारा फरक यांचा मेळ या दोन जागीच सगळ्यात चांगला बसतो.

दंडांची कोंडी अशी की आतली त्वचा पातळ असते. विशीतिशीत, नुसतीच चरबी असेल तर नळीने काम होतं. पण भरपूर वजन उतरवल्यावर लोंबणाऱ्या दंडांसाठी कातडी कापावी लागते आणि व्रण काखेपासून कोपरापर्यंत जातो. म्हणजे स्लीव्हलेस ब्लाउजसाठी केलेली शस्त्रक्रिया स्लीव्हलेसमध्येच दिसणार. तो व्रण चालणार असेल तरच पुढे जावं. इंजेक्शन घेऊन वजन उतरवणाऱ्यांनी वजन काही महिने स्थिर राहिल्यावरच याचा विचार करावा.

मांड्यांमध्ये बाहेरची बाजू बरी, आतली नाजूक. आत जरा जास्त ओढलं की खड्डे आणि लाटा दिसतात, आणि त्या दुरुस्त करणं मूळ कामापेक्षा कठीण. पायांची सूजही सावकाश उतरते.

पुरुषांच्या छातीत नुसती चरबी आहे की स्तनाग्रामागे कडक चकती, हे आधी तपासून घ्या. चकती म्हणजे ग्रंथी. ती नळीत येत नाही, स्तनाग्राच्या कडेने छेद देऊन काढावी लागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घाईने टेबलावर घेऊ नये, वयात येतानाची ही वाढ बरेचदा वर्ष-दोन वर्षांत ओसरते.

आता ‘विनाशस्त्रक्रिया’ चरबी गोठवण्याबद्दल. छोट्या वळीसाठी ठीक, निकाल दोन-तीन महिन्यांनी आणि माफक. क्वचित उलटंही होतं, गोठवलेली चरबी वाढून टणक होते. कॅनडाची मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने 2021 मध्ये स्वतःच्या बाबतीत हेच घडल्याचं जाहीर केलं होतं.

लायपोसक्शननंतर पहिल्या रात्री छिद्रांतून गुलाबी पाणी झिरपतं, गादीवर प्लास्टिक अंथरून ठेवा. घट्ट गारमेंट, म्हणजे त्या जागेवर दाब देणारा कपडा, चार ते सहा आठवडे घालावा लागतो. मे महिन्यात ते नकोसं होतं. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी कळतो, त्यामुळे दीड महिन्यावर लग्न आलं असेल तर थांबा. सिगारेट किमान महिनाभर आधी सोडा, टमी टकमध्ये तर कातडी काळी पडायचा धोका असतो. आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असेल का आणि रात्री काही बिघडलं तर कुठल्या आयसीयूत नेणार, हे विचारायला संकोचू नका. ‘पोट, पाठ, दंड, मांड्या एकाच दिवशी’ असं स्वस्त पॅकेज पुढे केलं तर मात्र दोन टप्प्यांची मागणी करा. टेबलावरचे तास वाढले की पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.