दिल्लीहून पोर्शे केमन आणली त्याची गोष्ट (सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांनी वाचा)

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, दादा दिल्लीत पोर्शेची एक बॉक्सस्टर बघितलीय, मुंबईपेक्षा सहा लाखांनी स्वस्त, टोकन टाकू का. म्हटलं थांब बाबा, आधी माझं ऐक. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच आता लिहून टाकतो, कारण असे फोन मला आता वरचेवर यायला लागलेत आणि दरवेळी तेच सांगून घसा बसतो.

तर, माझा भोसरीत पावडर कोटिंगचा छोटासा कारखाना आहे. हे आधीच का सांगतोय ते पुढे कळेल, आणि कळल्यावर तुम्ही हसाल. हसा, घरी सगळे हसून झालेत.

जानेवारी 2022 ची गोष्ट. पोर्शे केमन घ्यायची हे डोक्यात फिट्ट बसलेलं, नवी घ्यायची ऐपत नव्हती, जुनी चालणार होती. दोन वर्षं रात्र रात्र जागून अभ्यास केला होता. जुन्या इंजिनात आयएमएस नावाचं एक बेअरिंग असतं, ते गेलं की सगळं इंजिनच घेऊन जातं, 2009 च्या फेसलिफ्टनंतर, म्हणजे त्याच मॉडेलला नवं रूप दिल्यावर, इंजिन नवीन आलं आणि ती भानगड संपली, म्हणून फेसलिफ्टचीच बघायची, 2.9 लिटर, 265 पीएस ताकद, पीडीके म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हे सगळं मला तोंडपाठ होतं. मॉडेलचा अभ्यास पक्का. ती एक गाडी, जी मी घेणार होतो, तिचा मात्र शून्य.

दिल्लीच्या एका डीलरची जाहिरात दिसली. 2010 ची, सिल्व्हर, 31 हजार किमी, सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन. मागत होता 27 लाख. मुंबईत तेव्हा अशा गाडीचे मला 30-32 सांगत होते. आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की स्वस्त का. मी पण विचारलं, पण त्याला नाही, स्वतःला! आणि उत्तरही मीच दिलं, की दिल्लीत पेट्रोल गाडी 15 वर्षांपुढे चालवता येत नाही, 2010 ची म्हणजे तिथे तिची तीनच वर्षं उरली, म्हणून भाव पडलाय. शिवाय इम्पोर्टेड गाडी महाराष्ट्रात आणली की 20 टक्क्यांच्या हिशोबाने रोड टॅक्स, वयानुसार कमी होतो पण तरी घसघशीत, म्हणून बाहेरचं गिऱ्हाईक फिरकत नाही. तेव्हा दोन्ही कारणं खरी होती, तिथेच तर घोळ झाला. भाव का पडला याचं सोयीस्कर कारण मला सापडलं होतं, मग दुसरं कशाला शोधू. त्या डीलरला फार खोटं बोलायची गरजच पडली नाही, बाकीचं मीच पुरवलं.

मेव्हण्याला घेऊन गेलो. आम्ही पोचलो तेव्हा गाडी बाहेर काढून, धुऊन पुसून, स्टार्ट करून ठेवलेली. मला वाटलं काय आदबशीर माणूस आहे. गाडी थंड असताना स्टार्ट करायची, पहिल्या मिनिटाचा आवाज आणि धूर बघायचा, हे पुण्यात मीच दहा जणांना सांगत फिरतो. मेव्हण्याने बॉनेट उघडलं तर आत डिकी. मागे गेला, तिथेही डिकी. म्हणे भावजी, हिला इंजिनच नाही. केमनचं इंजिन मध्ये असतं, सीटच्या मागे झाकलेलं, मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं दिसतात. आम्ही खूप हसलो. त्या हसण्याच्या नादात बॉनेटच्या आतली बाजू बघायची राहिली.

राहिली म्हणजे काय, तर पोर्शेच्या पुढच्या बॉनेटला आतून कंपनीचा एक पांढरा स्टिकर असतो. त्यावर व्हीआयएन म्हणजे चासी नंबर, रंगाचा कोड आणि कंपनीतून काय काय ऑप्शन लागून आले त्यांचे आकडे, 250 म्हणजे पीडीके वगैरे. हाच स्टिकर सर्व्हिस बुकातही असतो. माझ्या गाडीच्या बॉनेटला नव्हता. बॉनेट बदललं की स्टिकर जातो, इतकं साधं आहे. आणि सर्व्हिस बुक? हरवलंय म्हणाला, "सर आजकल सब ऑनलाइन है". चावीही एकच.

आरसीवर नाव एकाच मालकाचं, सरकारी अ‍ॅपवर तपासलं, मालक क्रमांक 1, कर्ज नाही, काळी यादी नाही. मी खूश. नंतर कळलं की मूळ मालकाने गाडी विकली होती कधीच, एका डीलरने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आरटीओत ट्रान्सफर कुणीच केली नाही. सही केलेले कोरे फॉर्म 29 आणि 30 गाडीबरोबर फिरत होते. कागदावर सिंगल ओनर, प्रत्यक्षात किती हात लागले देव जाणे. (1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत नोंदणी घ्यावी लागते आणि गाडी ताब्यात आली की कळवावं लागतं, माझ्या वेळी तेही नव्हतं.)

एक गोष्ट मात्र डोळ्यासमोर होती आणि मी ती वाचलीही होती. जुनी इन्शुरन्स पॉलिसी. त्यात नो क्लेम बोनसच्या पुढे शून्य. आता डॉक्टर ड्रिव्हन, रविवारची गाडी, बारा वर्षांत ओरखडा नाही, तर बोनस 50 टक्के पाहिजे ना? मी विचारलं. तो म्हणाला, पॉलिसी एक दिवस उशिरा रिन्यू झाली म्हणून गेला. मी मान डोलावली. अहो, बोनस जायला पॉलिसी 90 दिवस बंद पडायला लागते, एका दिवसाने काही होत नाही, हे माझ्या टेम्पोच्या पॉलिसीमुळे मला चांगलं माहीत होतं. पण तोपर्यंत गाडीत बसून झालं होतं, एक चक्कर मारून झाली होती, आणि तो मागून येणारा आवाज एकदा कानात गेला की माणसाची अक्कल कुठे राहते हो.

साडेतेवीसला सौदा झाला. 15 आरटीजीएस, साडेआठ रोख. रोख का, तर टॅक्स बिक्स, तो म्हणाला आणि मी ऐकलं. पावतीवर 15 चा आकडा आणि खाली बारीक अक्षरात जशी आहे तशी विकली. एनओसी निघाली, गाडी ट्रकवर चढून भोसरीला आली, एमएच 14 नंबर पडला, पेढे वाटले.

तीन आठवड्यांनी एका दुपारी कारखान्याच्या दारात गाडी उभी होती. आमचा क्यूसीचा पोरगा जॉब, म्हणजे कोटिंग झालेला माल, तपासत होता, त्याच्या हातात डीएफटी मीटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पत्र्यावर कोटिंगची जाडी किती आहे ते हा मीटर मायक्रॉनमध्ये सांगतो, काडेपेटीहून थोडा मोठा, टोक टेकवलं की आकडा येतो. आमचा जॉब 60 ते 80 मध्ये बसला की पास. पोरग्याने गंमत म्हणून गाडीच्या छताला टेकवला. 118. उजव्या दरवाजाला, 124. कंपनीचा ओरिजिनल पेंट साधारण 100 ते 150 मध्ये असतो, म्हणजे छान. मग तो डाव्या बाजूला गेला. बराच वेळ टेकवतोय, पुसतोय, परत टेकवतोय. मग मला हाक मारली, "शेठ, मीटर बिघडला वाटतं. हिला आपल्यापेक्षा जाड कोटिंग दाखवतंय."

मी गेलो. डावा दरवाजा 340. डावं पुढचं फेंडर 290. मागच्या चाकाच्या वरचा डावा भाग, 960. तिथे जरा खाली सरकवला तर रेंजच्या बाहेर गेला, रीडिंगच देईना. 960 म्हणजे पेंट नव्हे, पुट्टी. मी मीटर आमच्या कॅलिब्रेशनच्या पट्टीवर लावून बघितला, बरोबर होता. हा मीटर माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये गेली अकरा वर्षं आहे. खिशात मावतो. दिल्लीला जाताना मी त्याच ड्रॉवरमधून चेकबुक काढलं होतं.

त्या रात्री जेवलो नाही. टॉर्च घेऊन गाडीत बसलो, डावा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. बेल्टला खाली लेबल शिवलेलं असतं, त्यावर कधी बनवला ते लिहितात. उजव्याचं 2010. डाव्याचं 2017. अपघातात बेल्टचा प्रीटेन्शनर, म्हणजे बेल्ट झटक्यात आवळणारा भाग, उडाला की बेल्ट बदलायला लागतो, बाकी सात वर्षांनी उगाच कोण बेल्ट बदलतं. फेंडरच्या बोल्टांचा रंग डोक्यावर उडालेला, म्हणजे पाना लागलाय. सगळं तिथेच होतं, दहा मिनिटांचं काम. ही बाहेर येऊन म्हणाली, एवढ्या रात्री गाडीत काय करताय. म्हटलं शिकतोय.

मग मुंबईत एका जर्मन गाड्यांच्या गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने लॅपटॉप जोडला. ह्या गाड्यांचा इंजिन कॉम्प्युटर आतापर्यंत इंजिन किती तास चाललं ते लिहून ठेवतो. डॅशबोर्डवरचे किमी मागे घेणारे गल्लोगल्ली बसलेत, पण तास दुसऱ्या डब्यात असतात आणि तिकडे बहुतेकांचा हात जात नाही. माझ्या गाडीचे तास निघाले 2,940. तो म्हणाला, करा भागाकार. 31,400 भागिले 2,940, ताशी पावणेअकरा किमी. एवढ्या हळू तर आमची वरात गेली नव्हती. तो म्हणे ट्रॅफिक धरून ताशी 25 तरी पकडा, म्हणजे 73 हजाराच्या आसपास. (गाडी मॅन्युअल असती तर आणखी एक आकडा बघायचा, ओव्हर-रेव्हचा. पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला आणि इंजिन लाल रेषेच्या वर गेलं तर तेही हा डबा लिहून ठेवतो, कितव्या तासाला गेलं त्यासकट.) पुढे आरसी माझ्या नावावर असल्याने अधिकृत सर्व्हिस सेंटरला व्हीआयएन देऊन विचारलं, शेवटची नोंद 2016 ची होती, 61 हजार किमीला. संपलं.

डीलरला फोन केला. आधी उचलला, "सर आपने तो खुद चला के देखी थी ना, भाभीजी को पसंद आयी?" मग उचलायचा बंद. वकिलाकडे गेलो. ग्राहक आयोगात तक्रार आता तुम्ही राहता तिथे करता येते, 2019 च्या कायद्याने, पुण्यात करू म्हणाला. मग त्याने रक्कम विचारली. साडेआठ रोख म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. दोन लाख किंवा त्यावर रोख घ्यायलाच बंदी आहे, दंड घेणाऱ्याला होतो, पण तुमच्याकडे कुठून आले ते तुम्हाला सांगायला लागेल, आणि तो म्हणणार मी गाडी पंधरालाच विकली, अपघाताची म्हणूनच स्वस्त दिली. त्या जशी आहे तशीच्या खाली माझी सही. एक नोटीस पाठवली, पाकीट परत आलं.

पुण्यातल्या एकाने गाडी बघून 14 सांगितले. मी रागावलो तर म्हणाला, साहेब, सिल्व्हर आहे, बुक नाही, एक चावी, किमी संशयास्पद, एक बाजू मारलेली, आणि 2025 ला 15 वर्षं होणार, परत पासिंग, ग्रीन टॅक्स. हीच गाडी बुक आणि पेंटसकट मूळची असती तर मी हसत 25 दिले असते. म्हणजे इंजिन तेच, आवाज तोच, फक्त एक स्टिकर, एक वही आणि काही मायक्रॉन, फरक अकरा लाखांचा. मी दिली नाही. चालवतो. पावसाळ्यात झाकून ठेवतो.

त्या मुलाला काय सांगितलं, तर बॉक्सस्टर घे की नको घे, पण टोकन टाकायच्या आधी व्हीआयएन माग आणि दिल्लीतलाच त्रयस्थ मेकॅनिक पाठव, चार-पाच हजार घेईल, तास वाचून दे म्हणावं. नाही म्हणाला डीलर, तर तिथेच फोन ठेव. रोख एक रुपया नाही. आणि मीटर माझा घेऊन जा, फक्त सोमवारी परत आण, जॉब अडतात.

त्या डीलरने माझा नंबर अजून काढलेला नाही. दिवाळीला त्याचा मेसेज आला, शुभ दीपावलीचा फोटो, आणि खाली बीएमडब्ल्यूची एक लाल झेड फोर. 2011 मॉडेल, 28 हजार किमी, सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन.