बायनॉरल बीट्स, पावसाळ्यापासून वापरून: पैसे भरण्याआधी एक कान काढून बघा

उजवा इयरबड मेला आणि हे सगळं लिहायची खाज सुटली. वॉरंटी संपायला अवकाश होता, म्हणून सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या पोराने भिंगातून जाळी न्याहाळली आणि निकाल दिला, "सर, मॉइश्चर गेलंय. वॉरंटीत बसत नाही." जुलैत डोंबिवलीहून लोकलने जाणाऱ्या माणसाच्या कानात मॉइश्चर नाही तर काय सापडणार? खोक्यावर स्वेटप्रूफ छापलंय ते दाखवलं. "ते घामासाठी आहे सर." एकटा बड मिळत नाही, जोडीच घ्यायची, आणि तीही जवळजवळ नव्याच्या भावात. नाही घेत म्हटलं, तर जॉब शीटवर 'कस्टमर रिफ्यूज्ड' लिहून माझीच सही घेतली.

असो. त्या रात्री उरलेला डावा बड घालून अ‍ॅपवरचा नेहमीचा फोकसचा, म्हणजे कामात लक्ष लागण्यासाठीचा, बायनॉरल ट्रॅक लावला. तर तीच घूंऽघूंऽ, तीच धडधड, जशीच्या तशी. आणि हे व्हायलाच नको होतं.

कारण बायनॉरलचा सगळा खेळ दोन कानांचा आहे. डाव्यात २०० हर्ट्झ, उजव्यात २१०, आणि मधली १० ची लहर हवेत कुठेच नसते; दोन्हीकडचे संकेत मेंदूच्या बुंध्याशी एकत्र येतात तिथे ती तयार होते. हाइनरिश डोव्ह या प्रशियन शास्त्रज्ञाच्या हे १८३९ मध्येच लक्षात आलं होतं. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा सुरातून किंचित हललेल्या असल्या की जी लाट ऐकू येते ती हवेतली असते, एका कानानेही ऐकू येते. बायनॉरलमध्ये मात्र एक कान बंद केला की उरायला हवा तो नुसता सपाट सूर. मग वर्षाची वर्गणी भरून मी ऐकत काय होतो?

तक्रारीचं ईमेल अर्धं लिहून झालं होतं. मुलगी म्हणाली, "बाबा, थांब जरा. एकच बड जोडला की दोन्ही बाजूंचा आवाज मिसळून त्यात येतो." तिचं बरोबर निघालं. बऱ्याच वायरलेस जोड्या असंच करतात, म्हणजे फोनवर बोलताना किंवा गाणी ऐकताना अर्धा आवाज गायब होऊ नये. पण २०० आणि २१० एकाच बडमध्ये मिसळले की खरीखुरी, हवेतली लाट तयार होते. म्हणजे त्या रात्रीच्या पुराव्यावर अ‍ॅपला दोषी धरता येईना. कपाटातून जुना वायरवाला इयरफोन काढला आणि एकेक ट्रॅक लावून उजवा कान उघडा ठेवत गेलो.

काही ट्रॅक लगेच सपाट झाले. ते अस्सल. पण जवळपास निम्म्यांत धडधड तशीच राहिली. म्हणजे तिथे आवाजच ठरावीक वेगाने वरखाली केलेला आहे, किंवा दोन सूर आधीच मिसळून ठेवलेत. तसं करण्यात काही पाप नाही, आयसोक्रॉनिक (वरखाली केलेला आवाज) आणि मोनॉरल (आधीच मिसळलेले सूर) म्हणून असे प्रकार उघड मिळतात, स्पीकरवरही चालतात. माझा राग एवढ्यावरच आहे की 'हेडफोन अनिवार्य, अस्सल बायनॉरल' असं म्हणून हजारावर रुपये घेतले. तक्रारीला उत्तर आलं की पाण्याचा आणि पावसाचा आवाज मिसळल्यामुळे मला तसा भास होत असेल. पाऊस नसलेल्या ट्रॅकचं नाव कळवलं. त्यानंतर शांतता.

तुम्ही तपासाल तेव्हा आधी फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ (दोन्ही बाजू मिसळून एकच आवाज) बंद आहे ना ते बघा. इयरफोनच्या अ‍ॅपमधलं सराउंड, थ्रीडी, स्पेशियल वगैरे जे असेल तेही बंद करा, कारण त्यात एका कानाचा आवाज दुसऱ्यात झिरपतो. आणि ब्लूटूथ स्पीकरवर बायनॉरल लावून झोपणाऱ्यांनी साधं रेडिओचं भजन लावलं तरी चालेल.

वर्गणी परत मिळणार नाही हे कळल्यावर फुकटचा मार्ग धरला. लॅपटॉपवर ऑडॅसिटी, आवाजाची कापाकापी-जोडणी करायचं फुकट सॉफ्टवेअर. दोन मोनो ट्रॅक, एकात २०० चा टोन, दुसऱ्यात २१० चा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे, अर्ध्या तासाची फाइल, झालं. आवाजाची पातळी खाली ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी फेड द्या, नाहीतर टोन सुरू होताना कानात टिचकी बसते. हवा असेल तर वर पावसाचा आवाज चढवा. मूळ सूर फार उंच घेऊ नका. हजार-दीड हजार हर्ट्झच्या वर लहर जाणवेनाशी होते, आणि दोन्ही कानांतला फरक ३० च्या पुढे गेला की दोन वेगळे सूर ऐकू येऊ लागतात. हे एकदा कळलं की 'चमत्कारी फ्रीक्वेन्सी'वाल्या निम्म्या व्हिडिओंचं हसू येतं.

आता गुण येतो का? गणपतीपर्यंत मी ठामपणे हो म्हणत होतो. जीएसटीची रिटर्न्स भरायची असली की १५ चा फरक, संध्याकाळी ८ ते १० चा, आणि खरंच डोकं शांत व्हायचं. मग मुलीला दोन फाइली करायला सांगितल्या: एकीत २०० आणि २१०, दुसरीत दोन्हीकडे २००. नावं क आणि ख, दोन्हींवर पाऊस जरा जास्तच चढवलेला, म्हणजे लहर पटकन ओळखू येऊ नये. आठवडाभर आलटून पालटून लावल्या. कोणती कुठली ते मला सांगता आलं नाही, आणि काम दोन्हींवर सारखंच झालं. तेव्हापासून फोकसच्या दाव्यावरचा माझा विश्वास उडाला. एकसुरी आवाजाने वरच्या मजल्यावरचं ड्रिलिंग झाकलं जातं, बहुधा तेच माझं औषध.

विश्रांतीचं मात्र मी पूर्ण झटकून टाकत नाही. २००५ च्या एका प्रयोगात ऑपरेशनआधीची धास्ती बायनॉरल ऐकणाऱ्यांत २६.३ टक्क्यांनी उतरली होती, तसंच पण बीट्स नसलेलं संगीत ऐकणाऱ्यांत ११.१ टक्क्यांनी. उलट २०२३ च्या एका आढाव्यात, मेंदूच्या लहरी खरंच या बीट्सच्या मागे जातात का हे पाहणारे १४ अभ्यास तपासले, तर ५ बाजूने, ८ विरोधात आणि एक अधांतरी. इतक्या ओल्या पायावर 'मेंदू रिप्रोग्राम करा' म्हणून वर्षाची वर्गणी मागायला धाडसच लागतं.

सुरक्षेबद्दल अ‍ॅपमध्ये एक ओळही नव्हती, म्हणून लिहितो. एकसुरी टोनची कानाला सवय होते, मग बोट आपोआप आवाज वाढवायला जातं. लोकलमध्ये तर हमखास. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे, आणि ९० ला तीच ४ तासांवर येते. गाडीच्या खडखडाटावर टोन चढवायचा म्हणजे त्या दिशेनेच जाणं. मी आता गाडीत लावतच नाही. घरी शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू येईल इतपतच आवाज ठेवतो. स्कूटर-गाडी चालवताना अजिबात नको. ज्यांना फिट येतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. माझ्या मेहुण्याच्या कानात आधीपासून शिट्टी वाजते, त्याने दोनदा ऐकून सोडून दिलं आणि शहाणपणा केला. रात्रभर कानात बड घालून झोपायचा उद्योगही मी सोडलाय. सकाळी कानाची पाळी दुखायची, आणि टायमर न लावल्याने बॅटरी उतरलेली असायची ती वेगळीच.

सध्या मी संध्याकाळी वीस मिनिटं वायरवाला इयरफोन लावून घरची फाइल ऐकतो. बायकोचं मत असं की नुसता डोळे मिटून बसलास तरी तेवढंच होईल, वीजही वाचेल. हे खोडून काढायला माझ्याकडे क आणि ख या दोन फाइलींपलीकडे काही नाही, आणि त्या तिच्याच बाजूने आहेत.

वर्गणी भरलेल्यांसाठी एकच: फोनवरून अ‍ॅप उडवलं म्हणजे ऑटोपे थांबत नाही. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये मँडेटच्या यादीत जाऊन ते रद्द करा, आणि रद्द झाल्याचा मेसेज येईपर्यंत बीट्सचं अ‍ॅप ठेवा.